मध्यान्हीचे भूत आणि सोमवारची रजा

कोकणात आम्हां पोरांना भर दुपारी बाराच्या ठोक्याला विहिरीकडे किंवा पिंपळाखाली जाऊ देत नसत. तिन्हीसांजेइतकीच ती वेळ वाईट, असा घरच्या म्हाताऱ्यांचा सिद्धांत होता आणि तो पडताळून पाहण्याचे धाडस आमच्यापैकी कोणातही नव्हते. पुढे पुष्कळ वर्षांनी, ख्रिस्ती धर्माच्या प्राचीन इतिहासाची पाने चाळीत असता, मध्यान्हीचे हेच भूत मला ईजिप्तच्या वाळवंटात भेटले. चौथ्या शतकात तेथे एकेकट्या कुटींत राहून प्रार्थना, ध्यान आणि हस्तोद्योग करणाऱ्या तपस्व्यांना ते चांगले परिचयाचे होते. फरक इतकाच की ते पिंपळावर न राहता साधकाच्या मनात राहत असे. पोंतस प्रांतात जन्मलेला, कॉन्स्टँटिनोपलच्या विद्वन्मंडळात नाव कमावलेला, आणि ते सारे वैभव सोडून याच वाळवंटात येऊन इ. स. ३९९ मध्ये वारलेला एव्हाग्रियस याने त्या भुताचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, ते एखाद्या निष्णात वैद्याने केलेल्या रोगलक्षणांच्या टिपणासारखे आहे. सकाळी दहाच्या सुमारास ते येते आणि दुपारी दोनपर्यंत ठाण मांडून बसते. सूर्य जागचा हलेनासा होतो, दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो. साधक वारंवार खिडकीतून डोकावून जेवणाची वेळ किती दूर आहे हे उन्हावरून मोजतो. मग त्याला त्या जागेचा, त्या कामाचा, किंबहुना त्या जीवनक्रमाचाच वीट येतो. बांधवांत प्रेम म्हणून उरलेले नाही, आपले सांत्वन करील असे येथे कोणी नाही, अशी त्याची खात्री पटते, आणि दुसरीकडे कोठे गेलो असतो तर सारे सुरळीत झाले असते, या विचारात उरलेला दिवस जातो.

या अवस्थेला ग्रीक भाषेत ‘अकेदिया’ असे नाव होते. पुढील शतकांत पापांच्या याद्या आखल्या गेल्या तेव्हा तिची गणना सात प्रमुख पापांत झाली आणि लोकव्यवहारात तिला ‘आळस’ हे सुटसुटीत नाव मिळाले. नावाचा हा बदल वरवर किरकोळ दिसतो. पण माझ्या मते धर्मसेवकांवर झालेल्या अन्यायांपैकी तो एक मोठा अन्याय होय. ज्याचे निदान करून उपचार करावयाचे, त्याची फिर्याद होऊन बसली. आजही एखादा पाळक किंवा धर्मगुरू थकला, गप्प झाला, उपासनेत त्याचा आवाज पूर्वीसारखा लागेनासा झाला, की मंडळीतील चार माणसे त्याच्या प्रकृतीची चौकशी करण्याआधी त्याच्या श्रद्धेची चौकशी करू लागतात.

विसाव्या शतकातील मानसशास्त्र या प्रश्नाकडे अगदी वेगळ्या वाटेने आले. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांची जी दशा पाहिली, तिला त्यांनी ‘बर्नआउट’ म्हटले. आणि १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक यांनी आपल्या सहकारिणीसमवेत ती मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्या प्रश्नावलीने या अवस्थेची तीन अंगे मानली आहेत: भावना आटून जाणे, ज्यांची सेवा करावयाची त्या माणसांविषयी मन कोरडे होणे, आणि आपल्या हातून काहीच घडत नाही असे वाटणे. एव्हाग्रियसचे वर्णन शेजारी ठेवून पाहावे; त्यात ही तिन्ही अंगे जवळजवळ जशीच्या तशी सापडतात. वाळवंटातील तो एकांडा तपस्वी आणि शहरातील दवाखान्याचा स्वयंसेवक यांच्यामध्ये पंधराशे वर्षांहून अधिक काळ पसरलेला असताना दोघांची लक्षणे इतकी जुळावीत, यावरून दोष स्वभावाचा कमी आणि कामाच्या घडणीचा अधिक, असे अनुमान काढण्यास हरकत नाही.

ती घडण कशी आहे हे मंडळीच्या बाकावर बसून क्वचितच ध्यानात येते. पाळकाच्या एखाद्या रविवारी सकाळची उपासना आटोपते न आटोपते तोच बाप्तिस्म्यासाठी बाळ घेऊन कुटुंब उभे असते. दुपारी लग्न लावावयाचे असते. आणि सायंकाळी, ज्याच्या हातचा चहा परवाच घेतला त्या माणसाला मूठमाती द्यावयाची असते. तीनही ठिकाणी त्याचा चेहरा त्या प्रसंगाला साजेसा हवा, आणि तो साजेसा ठेवण्याचे श्रम कोणाला दिसता कामा नयेत. आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील सेविकांच्या हास्याचा अभ्यास करून, भावनांवर असा ताबा ठेवणे हेही श्रमच होत आणि त्यांचीही झीज होते, असे दाखवून दिले. पाळकाला त्या सेविकेप्रमाणे हास्य तर ठेवावे लागतेच, शिवाय दुसऱ्या तासाला अश्रूंचीही सोबत करावी लागते. त्यातच त्याच्या गळ्यात कारभारही पडलेला असतो. गळक्या छपराची डागडुजी, धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी सादर करावयाचा हिशेब, शाळाप्रवेशासाठी हवा असलेला दाखला, कबरस्तानातील जागेवरून दोन घराण्यांत पेटलेला तंटा, ही कामे धर्मशास्त्राच्या विद्यालयात कोणी शिकवीत नाही, आणि ती बिघडली तर मात्र धर्मशास्त्र कितीही चांगले येत असले तरी कोणी क्षमा करीत नाही.

कॅथॉलिक धर्मगुरूच्या वाट्याला यापलीकडचे एक ओझे येते. पापनिवेदनात ऐकलेली गोष्ट त्याने कोणत्याही कारणास्तव, कोणत्याही रीतीने बाहेर फोडावयाची नाही. गुप्ततेची ही मोहर मोडणे निषिद्ध आहे असे चर्चच्या १९८३ च्या विधिसंहितेतील ९८३ वे कलम सांगते, आणि प्रत्यक्ष मोहर फोडणारा त्या कृत्याबरोबरच बहिष्कृत होतो. वकिलाजवळ, डॉक्टरजवळ गुपिते असतात. पण अवघड प्रकरणी वडीलधाऱ्या व्यवसायबंधूचा सल्ला, नावगाव न सांगता का होईना, त्यांना मोकळेपणी घेता येतो. धर्मगुरूला मात्र पापी माणसाची ओळख पटण्याचा लवमात्र संभव असेल तेथे तोंड मिटूनच बसावे लागते. गावातील निम्म्या घरांच्या मनातली मळमळ एका माणसाच्या पोटात साठत जाते, आणि त्या माणसाने दुसऱ्या दिवशी बाजारात त्याच लोकांना हसून नमस्कार करावयाचा असतो.

आता उपचारांकडे वळू. या बाबतीत बायबलइतका व्यवहारी ग्रंथ दुसरा कोणता असेल असे मला वाटत नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकात एलीया संदेष्ट्याची कथा आहे. कर्मेल डोंगरावर साऱ्या राष्ट्रादेखत त्याचा विजय होतो, आणि त्या विजयानंतर लगेच, ईजबेल राणीच्या एका धमकीने गर्भगळित होऊन, तो रानात पळतो, एका झुडपाखाली अंग टाकतो आणि ‘आता मरण दे’ असे मागणे मागतो. देवदूत येतो, पण उपदेश करीत नाही; एवढ्या मोठ्या संदेष्ट्याला असे बोलणे शोभत नाही, असेही म्हणत नाही. तो निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी ठेवतो. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो आणि पुन्हा जेवू घालतो. संभाषण होते ते पुढे, चाळीस दिवसांनी, होरेब पर्वतावर. आणि तेथेही त्याला दोन गोष्टी मिळतात. तू एकटा उरलेला नाहीस, आणखी सात हजार आहेत, ही माहिती, आणि अलीशा नावाचा मदतनीस. झोप, अन्न, सोबती आणि कामाची वाटणी, या क्रमात आजच्या कोणत्याही डॉक्टरला फारशी दुरुस्ती सुचवावी लागणार नाही. मोशेच्या बाबतीत तर हे काम त्याच्या सासऱ्याने केले. जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच सर्वांचे न्यायनिवाडे करीत बसलेला पाहून इथ्रो याने त्याला, अशाने तूही झिजशील आणि लोकही झिजतील, असे स्पष्ट सुनावले आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमावयास लावले. सासऱ्याचा सल्ला जावयाने मुकाट्याने मानल्याची ही नोंद म्हणूनही तो अध्याय वाचनीय आहे.

धर्मसेवकाच्या विषादाचे सर्वांत प्रांजळ निवेदन ज्याने केले त्या चार्ल्स स्पर्जनच्या वाट्याला मात्र असा कोणी इथ्रो वेळेवर आला नाही. १९ ऑक्टोबर १८५६ च्या रात्री लंडनच्या सरे गार्डन्समधील संगीतगृहात त्याचे प्रवचन ऐकण्यास हजारोंचा समुदाय लोटला होता. वक्त्याचे वय बावीस, लग्नाला वर्षही झालेले नाही, घरी महिन्याभराची जुळी मुले. प्रार्थना चालू असतानाच कोणीतरी ‘आग!’ अशी खोटी हाकाटी केली, गर्दी जिन्यांकडे धावली, आणि सात माणसे चेंगरून मेली. वृत्तपत्रांनी दोष त्या तरुण वक्त्याच्याच माथी मारला. स्पर्जनला शुद्धीवर ठेवणे कठीण झाले, मित्रांनी त्याला लंडनबाहेर नेऊन ठेवले, आणि काही दिवसांनी तो व्यासपीठावर परत आला तरी त्या रात्रीची छाया पुढील पस्तीस वर्षे त्याच्यावरून हटली नाही.

त्याची थोरवी मी मानतो ती यासाठी की ही गोष्ट त्याने लपविली नाही. आपल्या विद्यालयात पाळकपदाचे शिक्षण घेणाऱ्या तरुणांना तो व्याख्याने देत असे. १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या व्याख्यानांत एक सबंध व्याख्यान पाळकाला येणाऱ्या या ग्लानीवर आहे. आपल्यालाही हे होते असे प्रारंभीच सांगून टाकल्यावर तो कारणे मोजू लागतो, आणि ती कारणे पाहिली म्हणजे हा मनुष्य केवळ वक्ता नसून निरीक्षक होता हे पटते. शरीराचा दुबळेपणा, खोलीत कोंडून केलेले वाचन, पुढारीपणाबरोबर येणारा एकाकीपणा, दीर्घकाळ खंड न पाडता केलेले श्रम, विश्वासातल्या माणसाने दिलेला दगा, आणि, एलीयाची आठवण होईल असे, मोठ्या यशाचा क्षण. कधी कधी तर कोणतेच कारण सापडत नाही, आणि अशा वेळी खिन्न माणसाशी युक्तिवाद करणे व्यर्थ असते, असेही तो सांगतो. उपाय म्हणून तो रानातील भ्रमंती, समुद्रावरची हवा आणि कामातील सुट्टी सुचवितो. सुट्टी म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे, हे पटवून देण्यासाठी तर तो बरीच जागा खर्च करतो. उत्तरायुष्यात संधिवाताने आणि विषादाने बेजार झालेला हा मनुष्य हिवाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मांतों या गावी जाऊन राहत असे, आणि तेथेच ३१ जानेवारी १८९२ रोजी त्याचा अंत झाला. लंडनच्या धुक्यातून आपला पाळक दरसाल बाहेर जातो, याचे त्याच्या प्रचंड मंडळीला वैषम्य वाटले नाही, ही गोष्ट त्या मंडळीच्याही लौकिकात जमा करावी लागेल.

पण प्रत्येक मंडळीच्या अंगी असा समजूतदारपणा असतो असे गृहीत धरून चालत नाही. म्हणून जुन्या आणि जाणत्या चर्चसंस्थांनी तो नियमांत बांधून ठेवला. कॅथॉलिक विधिसंहितेच्या ५३३ व्या कलमाने धर्मग्रामाच्या प्रमुखाला वर्षाकाठी एक महिन्याची रजा घेण्याची मुभा दिली आहे, आणि वार्षिक ध्यानसाधनेचे दिवस त्या रजेत धरू नयेत अशी तरतूदही शेजारीच केली आहे. कायदा करणाऱ्याला माणसाची पारख होती हे या एका वाक्यावरून दिसते. कारण ध्यानसाधनेहून परतलेल्या धर्मगुरूला ‘आताच तर विश्रांती घेऊन आलात’ असे म्हणणारे महाभाग सर्व धर्मग्रामांत असतात. २८१ वे कलम त्याच्या योगक्षेमाची आणि आजारपणातील व वृद्धापकाळातील निर्वाहाची सोय लावावयास सांगते. इंग्लंडच्या चर्चमध्ये २००९ च्या सेवाशर्तींनी दर सात दिवसांत सलग चोवीस तासांची विश्रांती आणि वर्षाला छत्तीस दिवसांची रजा हा हक्क म्हणून मान्य केला, आणि २०२० च्या फेब्रुवारीत तेथील महासभेने धर्मसेवकांच्या स्वास्थ्याविषयी एक करार संमत करून, ही जबाबदारी स्वतः धर्मसेवक, त्याची मंडळी आणि बिशप या तिघांचीही आहे, असे ठरविले. त्याच देशात धर्मसेवकांच्या कुटुंबांना साहाय्य करणारा एक न्यास १६५५ पासून अव्याहत चालू आहे. क्रॉमवेलच्या अंमलात पदच्युत झालेल्या पाळकांची उपासमार पाहून पाळकांच्याच मुलांनी तो स्थापन केला होता.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही, पण नियमाहून वहिवाट बलवत्तर असते. रजा मागणारा पाळक काहीसा अपराध्यासारखा उभा राहतो. त्याची बदली, त्याचा मेहनताना, त्याचे राहते घर, मुलांची शाळा, या साऱ्या गोष्टी ज्या अधिकाऱ्याच्या हाती असतात त्याच अधिकाऱ्याजवळ मन मोकळे करावे अशी अपेक्षा ठेवली जाते, आणि बिशप कितीही वत्सल असला तरी नेमणुकीचा हुकूम ज्याच्या सहीने निघतो त्याच्यासमोर आपल्याला झोप येत नाही, प्रार्थनेत मन लागत नाही, असे कोण सांगेल? ऐकणारा हा अधिकाराच्या साखळीबाहेरचा असला पाहिजे. १९५३ मध्ये लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये चॅड व्हारा या पाळकाने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनीची सोय केली, आणि थोड्याच काळात त्याच्या ध्यानात आले की आपल्या सल्ल्यासाठी बाहेर थांबलेली पुष्कळ माणसे तेथील स्वयंसेवकांशी नुसते बोलून, चहा-कॉफी घेऊनच हलकी होऊन परत जातात. सल्ल्याहून ऐकणे श्रेष्ठ, हे एका पाळकाने जगाला दाखवून दिले. ते पाळकांच्या बाबतीत मात्र अजून नीट लागू झालेले नाही. समव्यवसायी चारपाच जणांनी, शक्य तर निरनिराळ्या पंथांच्या, महिन्यातून एकदा दार लावून बसावे आणि तेथील शब्द तेथेच ठेवावा, ही पद्धत काही ठिकाणी रुळली आहे, आणि तिला खर्च जवळजवळ काहीच येत नाही. जेथे ग्लानीचे रूपांतर आजारात झाले आहे, म्हणजे झोप-भूक आठवडेच्या आठवडे गेली आहे किंवा मरणाचे विचार येत आहेत, तेथे मात्र समव्यवसायींचा मेळावा पुरत नाही. डॉक्टरच गाठावा लागतो, आणि ओळखीच्या दवाखान्यात पाय टाकण्याचा संकोच वाटत असेल तर सरकारची १४४१६ ही मोफत दूरध्वनीसेवा २०२२ पासून मराठीतही उपलब्ध आहे.

प्रॉटेस्टंट पाळकाला कुटुंब असते, त्यामुळे तो एकटा नसतो, असे म्हणण्याची रीत आहे. ती अर्धीच खरी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र मराठी वाचकाला लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे घरच्यासारखे माहीत आहे, आणि ते ग्रंथरत्न विनोदासाठी आपण वाचतो खरे, पण एका धर्मसेवकाच्या घरात त्याच्या औदार्याचा, लहरींचा आणि तळमळीचा हप्ता कोण भरते, याचा त्याहून चोख जमाखर्च मराठीत दुसरा नसेल. घर पाहुण्यांनी आणि आश्रित मुलांनी सदैव भरलेले; हाती आलेला पैसा टिकण्याचे नाव नाही; आणि १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून पगारही सोडला तेव्हा ते पाऊल त्यांच्या आत्म्याला कितीही मोकळे करणारे असले तरी चूल लक्ष्मीबाईंनाच पेटवावयाची होती. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, टिळक गेले. पाळकाच्या स्वास्थ्याची चर्चा करताना त्याच्या पत्नीला आणि मुलांना बाजूला ठेवणारी योजना मला यासाठीच अपुरी वाटते. मंडळी पाळक एक नेमते आणि नकळत सबंध घर कामाला लावते.

या विषयावरील सर्वांत कसून झालेले संशोधन अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील आहे. ड्यूक विद्यापीठाने २००७ मध्ये तेथील युनायटेड मेथडिस्ट पाळकांच्या आरोग्याचा उपक्रम हाती घेतला. दूरध्वनीवरून घेतलेल्या मुलाखतींत ८.७ टक्के पाळकांत नैराश्याची लक्षणे आढळली. सर्वसाधारण अमेरिकन जनतेत तेच प्रमाण ५.५ टक्के होते. पुढे त्यांनी दोन वर्षांचा एक आरोग्यक्रम आखला, आणि त्याचा निकाल विचार करावयास लावणारा निघाला: पोटाचा घेर, रक्तदाब वगैरे शारीरिक बाबी सुधारल्या, परंतु ताण आणि नैराश्य यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शरीराची काळजी घेतली की मन आपोआप मागून येते, ही समजूत त्यामुळे ढासळली. तेव्हा त्यांनी खास ताणासाठी वेगळे उपाय तपासले. श्वासावर लक्ष ठेवण्याची, बौद्ध साधनेतून निघालेली एक पद्धत त्यांत होती, आणि दिवस संपताना दिवसभरातील घटना ईश्वरासमोर पुन्हा पाहण्याची, सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोलाने घालून दिलेली आत्मपरीक्षेची पद्धतही होती. मेथडिस्ट पाळक जेझुइटांच्या आद्यगुरूचा पाठ गिरवीत आहेत, हे दृश्य लोयोलाला आणि मेथडिस्टांच्या आद्यगुरूला, वेस्लीला, दोघांनाही चकित करणारे ठरले असते. या उपायांनी ताणाची लक्षणे कमी झाली.

एवढे विद्यापीठीय साहित्य खेड्यातील वीस-पंचवीस कुटुंबांच्या मंडळीपाशी कोठून असणार? पण इंग्लंडच्या त्या सेवाशर्तींतील एक बारीकसा नियम तिलाही उचलता येण्याजोगा आहे. विश्रांतीचे चोवीस तास रविवारी घेता येत नाहीत, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून कित्येक पाळक सोमवार धरतात, आणि एलीयाची कथा आठवली म्हणजे कर्मेलच्या दुसऱ्याच दिवशीची ही योजना किती मर्माची आहे हे कळते. त्यासाठी मंडळीच्या चिटणिसाने रविवारी रात्री पाळकाचा कामाचा फोन आपल्याकडे घ्यावा, सभागृहाची किल्ली आणि दाखल्यांची वही आपल्या घरी ठेवावी, मरणाची किंवा मरणासन्नाची वर्दी आली तरच पाळकाचे दार ठोठवावे, आणि बाकीच्यांना, मग तो मंडळीचा सर्वांत मोठा देणगीदार का असेना, उंबऱ्यावरूनच सांगावे, ‘पाळकसाहेब आज घरी आहेत, पण भेटणार नाहीत. मंगळवारी या.’